अँटेना फिरवणं भाडेकरूकडे

१२ एप्रिल १९९३, सोमवार

मिलच्या कोऱ्या हजेरीपटात लिहितोय. चोरी म्हणा हवं तर. बावीस वर्षं टाइमकीपर होतो. गेटला टाळं पडलं त्या दिवशी हे एक रजिस्टर पिशवीत राहून गेलं, आता परत देणार कुणाला? सव्वा वर्ष झालं त्याला. केस चालू आहे म्हणतात. 'केस' म्हणताना सगळे आवाज खाली आणतात, घरात कुणी आजारी असल्यासारखा.

दुपारी साडेतीन झाले की पाय आपोआप चपलेत जातात. सेकंड शिफ्टची सवय. अरुंधती विचारते, "कुठं?" मी म्हणतो, "असंच." ती साड्यांना फॉल लावते, दिवसाला पाच-सहा, मान वर करायला फुरसत नसते. बरंच आहे ते.

आज असाच रेल्वेच्या पुलावर गेलो. खालून मालगाडी चालली होती, इतकी हळू की वाटावं झोपेतच चाललीय. ताडपत्री ओढलेल्या वाघिणी, उन्हानं मऊ पडलेल्या, गादीसारख्या. बघता बघता मला मोठी छान सुस्ती आली. वाटलं, कठड्यावरून जरा पुढं झुकलं की झालं, आडवं होता येईल, पुढं कुठं जायचं तो विचार गाडी करेल. किती शांत वाटत होतं! तेवढ्यात विजय आला. वीव्हिंगमधला आमचा विजय, हल्ली लोडिंग रिक्षा चालवतो. त्यानं दंडाला धरून ओढलंच मला. "क्या भिया, दो घंटे से देख रहा हूँ, इथंच उभा आहेस!" दोन तास कसले, दहा मिनिटं फार तर. त्यानं चहा पाजला, रिक्षात घालून घरी आणलं आणि दारात अरुंधतीशी बराच वेळ बोलत राहिला. केसचंच काहीतरी असेल.

१३ एप्रिल, मंगळवार

आज टीव्ही गेला. बरोबर साडेतीनला, मी एक चप्पल घातली होती आणि दुसरी शोधत होतो. पडद्यावर नुसत्या मुंग्या. अरुंधती म्हणाली, "अहो, कुठं जाताय? आधी अँटेना बघा."

आमचे घरमालक अप्पासाहेब खाली एकटेच राहतात. त्यांचे आजोबा होळकर दरबारात कुठल्याशा खात्याचे अंमलदार होते, त्यामुळे अप्पासाहेब अजून 'कोण आहे रे तिकडे' अशी हाक मारतात, तिकडे कुणी नसलं तरी. पंच्याऐंशी साली आम्ही वरच्या दोन खोल्या घेतल्या तेव्हा ओट्यावर बसून तोंडी ठरलं होतं. अँटेना, बूस्टर, तार, सगळा खर्च मालकाचा. फिरवणं भाडेकरूकडे, कारण गच्ची आमच्या डोक्यावर. बूस्टरचा डबा खाली जिन्याखाली आहे, तिथून एक तार त्यांच्या टीव्हीला आणि एक आमच्या. आठ वर्षांत पाण्यावरून भांडणं झाली, सायकल कुठं लावायची यावरून झाली, अँटेनावरून कधी नाही.

तर चढलो. पाईप धरून फिरवला. "आलं का?" खालून अरुंधती म्हणते, "नाही!" आणि तिच्याही खालून अप्पासाहेब, "छे! काही नाही!" पाऊण तास लागला. अरुंधतीचं आज नवीनच. म्हणाली, "गप्प राहून फिरवू नका हो. मोठ्यानं आकडे म्हणत फिरवा, म्हणजे मला कळेल तुम्ही कुठवर आलात." शंभरपर्यंत तीनदा मोजलं. शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायका हसत होत्या. हसू देत.

खाली आलो तर फिरायला जायची वेळ टळून गेली होती.

१६ एप्रिल, शुक्रवार

चौथा दिवस. तीच वेळ. हवेचा काहीतरी परिणाम असणार. ऊन तापलं की लोखंड फुगतं, पाईप सैल होतो आणि दिशा बदलते. मी अप्पासाहेबांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी फार गंभीरपणे मान डोलावली. "हरी, तू आहेस म्हणून चाललंय," म्हणाले. हा माणूस आयुष्यात कुणाचं कौतुक करत नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

२४ एप्रिल, शनिवार

गच्चीवर आता मजा येते. हे कुणाला सांगायचं नाही.

वर गेलं की गल्ली खाली राहते. लांब मिलच्या चिमण्या दिसतात, त्यांतून धूर येत नाही म्हणून आकाश जास्त निळं झालंय असं मला उगाच वाटतं. पाईप धरून उभा राहिलो की हाताला बारीक थरथर लागते. वारा असेल. पण मनात येतं, या घडीला इथून केवढं काय चाललंय! बातम्या देणारी बाई, कुणाचं तरी लग्न, कुणी गातंय, कुठं भाताला रोग पडलाय, सगळं या हवेतून, माझ्या सदऱ्यातून, माझ्या छातीतून आरपार जाऊन त्या अँटेनाच्या काड्यांवर बसतंय. मी मध्ये उभा. सगळं जग माझ्यातून जातंय आणि कुठंही टोचत नाही. डोळे मिटून तसाच उभा राहिलो.

"अहो! आकडे!" खालून अरुंधती किंचाळली. काय हा आवाज! जणू दूध उतू गेलं.

३ मे, सोमवार

केबलवाला आला होता. धनेश भिया, तिशीतला, त्याच्या घरावर एवढी मोठी डिशची छत्री बसवलीय की पाखरं घाबरतात. आमच्या गल्लीत खांबाखांबावरून काळ्या तारा ओढून झाल्यात. अप्पासाहेबांना म्हणाला, "दादाजी, एक कनेक्शन मालकाचं, एक भाडेकरूचं. महिन्याचे पंच्याहत्तर वेगवेगळे. अँटेना भंगारात द्या."

अप्पासाहेब म्हणाले, "या घरात टीव्हीचा खर्च मालक करतो. आणि मालकाला केबल नको."

आमच्या निधीचं तोंड एवढंसं झालं. आता दहावीला आहे, मैत्रिणींत मान खाली घालावी लागते म्हणे. "बाबा, पूरी गली में आपल्याच घरावर अँटेना आहे. लोक पत्ता सांगताना सांगतात, वो अँटेनावालं घर!" मी म्हटलं, पत्ता तरी सापडतोय ना.

पण खरं सांगायचं तर मलाही अप्पासाहेबांचा राग आला. त्यांचा मुलगा यशवर्धन पुण्यात बक्कळ कमावतो, दर पत्रात लिहितो की केबल घ्या, टेनिस बघा. अप्पासाहेब तरुणपणी क्लबात टेनिस खेळायचे, त्यांची रॅकेट अजून खिळ्याला टांगलेली आहे. आणि पंच्याहत्तर रुपयांसाठी एवढा जीव तुटावा! दरबारी रक्त म्हणे. कंजूस माणूस.

जाताना धनेश मला म्हणाला, "काका, तुम्हाला उंचीचा डर नाही, मी रोज बघतो. हमारे साथ चलो, माणसं कमी पडतात." मी टाइमकीपर होतो, सहाशे माणसांची हजेरी मांडायचो. हा मला खांबावर चढवणार! दार लावून घेतलं.

१९ मे, बुधवार

आज गंमत झाली. वर गेलो, पाईपला हात लावायच्या आत जोरात शिंक आली, आणि खालून आवाज, "आलं! आलं!" अजून काही फिरवलंच नव्हतं. शिंकेच्या धक्क्यानंच बसलं असणार जागेवर. इतका हलका हात झालाय माझा आता.

अप्पासाहेबांना सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. अरुंधती मात्र त्यांच्याकडे रागानं बघत होती. "थोडं थांबायचं असतं," असं काहीतरी पुटपुटली. कशाला थांबायचं, कळलं नाही. बायकांचं कधी काय चालतं!

७ जून, सोमवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. साडेतीनला चित्र जातं, सव्वाचारला येतं. मी आता साडेतीन वाजायच्या आधीच वर जाऊन बसतो. पुलाकडे बऱ्याच दिवसांत गेलोच नाही. कधी कधी डोळ्यांसमोर ती गाडी येते, तिची ती गादीसारखी पाठ. मग वरून हाक मारतो, "अरुंधती, आज अजून गेलं नाही का?" आणि लगेच जातं.

४ जुलै, रविवार

पावसानं गच्ची शेवाळली आहे. अरुंधतीनं मला रबरी चपला आणून दिल्या आणि पाईपला एक दोर बांधून ठेवला, धरायला.

आज अप्पासाहेबांचं टेनिस. छत्री घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे गेले, त्याच्याकडे केबल आहे. मी आमच्या वरच्या खिडकीतून पाहिलं, दुकानामागच्या खोलीत त्यांना बसायला प्लास्टिकचा डबा दिला होता. पंचाहत्तरीला आलेला माणूस, डब्यावर ताठ बसून परक्याच्या घरी टेनिस बघतोय! मला लाज वाटली त्यांची. स्वतःच्या घरात घ्यायला काय होतं?

आणि मजा बघा, ते घरी नव्हते तर आज चित्र गेलंच नाही. मी म्हटलं, चला, फिरून येऊ. तर अरुंधतीला नेमकं आजच माझ्याबरोबर भाजीला यायचं होतं. तीन तास भाजी घेतली आम्ही. बटाटे सोडून काही आणलं नाही.

९ जुलै, शुक्रवार

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

साडेतीनला चित्र गेलं. वर चढलो. पाईपचा नट गंजलाय म्हणून पाना आणायला अर्ध्यातून खाली आलो. अनवाणी होतो, आवाज झाला नाही. अरुंधती जिन्याच्या वळणावर उभी होती, कान गच्चीकडे. आणि खाली, जिन्याखाली, स्टुलावर अप्पासाहेब. त्यांच्या हातात बूस्टरची पिन. उपटलेली. डोळे घड्याळावर. अरुंधती हातानं खुणावत होती, थांबा, अजून थांबा.

एका क्षणात सगळं कळलं मला. तीन महिने. तीन महिने मी तिथं वर माकडासारखा आकडे ओरडत होतो आणि हे दोघं खाली माझा खेळ करत होते!

काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. म्हातारचळ म्हणालो. अप्पासाहेबांना म्हणालो. अरुंधतीला म्हणालो, नवरा कामावरून गेला म्हणजे खुळा झाला असं वाटलं का तुला? निधी दप्तरासकट दारात उभी राहून रडत होती. अप्पासाहेब उठले नाहीत, पिन हातात तशीच. एवढंच म्हणाले, "हरी, बस. ओरड माझ्यावर, पण बस."

अरुंधती मात्र रडली नाही. जिन्यावरून खाली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "विजयभाऊंनी तुम्हाला त्या एकाच दिवशी नाही पाहिलं. पाच दिवस पाहिलं. एक दिवस तुमची चप्पल कठड्यावर काढून ठेवलेली होती." मग म्हणाली, "मी शिवायला बसले की पुलापर्यंत नाही हो पोचत. गच्चीवरचा आवाज येतो. मी रोज तुमची हजेरी घेत होते. चूक केली का?"

मी वर येऊन दार लावून घेतलं.

१० जुलै, शनिवार

मी तिथं काय करत होतो मला माहीत नाही.

माहीत आहे.

बावीस वर्षांत कुणी आलं नाही तर मी त्याच्या नावासमोर शून्य मांडायचो आणि पुढच्या नावाकडे जायचो. पुलावर उभा राहिलो की वाटायचं, माझ्या नावासमोर तेवढंच तर होईल. शून्य, आणि पुढचं नाव. यात दुःख नव्हतं, हेच आता भयंकर वाटतंय. नुसती झोप होती. चप्पल कधी काढली ते मला खरंच आठवत नाही. अरुंधतीनं हे सगळं एकटीनं पोटात ठेवून दिवसाला सहा साड्या शिवल्या. मी काय ओरडलो तिच्यावर!

आणि तो म्हातारा. मी त्याला कंजूस म्हटलं, या वहीत, स्वतःच्या हातानं. केबल आली असती तर अँटेना राहिली नसती, म्हणून त्यानं केबल नाही घेतली. डब्यावर बसून टेनिस पाहिलं.

१४ जुलै, बुधवार

चार दिवस घरात कुणी टीव्ही लावला नाही. आज खाली गेलो. अप्पासाहेब ओट्यावर होते. मी म्हटलं, "चुकलो."

"कशाला?" ते म्हणाले. "दरबारात आमच्या आजोबांना याहून वाईट ऐकावं लागायचं." मग सरकून त्यांनी ओट्यावर मला जागा करून दिली.

मी म्हटलं, "अप्पासाहेब, केबल घ्या. धनेशला मी बोलावतो. पण आमच्या कनेक्शनचे पैसे मी देणार."

"या घरात टीव्हीचा खर्च मालक करतो."

"तो अँटेनाचा करार होता. फिरवणं माझ्याकडे होतं, म्हणून खर्च तुमच्याकडे. केबलला काही फिरवावं लागत नाही. मग मी फुकट कसा बघू?"

आठ वर्षांत पहिल्यांदा अँटेनावरून भांडण झालं आमचं, आणि तेही दोघांनाही पैसे द्यायचे होते म्हणून! अर्धा तास चाललं. शेवटी ते म्हणाले, "आणि तू देणार कुठून?" विचारलं आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं, हे दिसलं मला.

मी म्हटलं, "धनेशकडे जातोय. उंचीची भीती नाही मला, तीन महिने तुम्हीच तालीम दिलीत."

ते हसले नाहीत. माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

अरुंधतीला सांगितलं तेव्हा तिची सुई थांबली. "कुठं कुठं जावं लागेल?" म्हणाली. मी म्हटलं, सध्या राजेंद्र नगर. तिनं मनातल्या मनात अंतर मोजलं असावं. तिथून कुठलाच आवाज येत नाही. "बरं," म्हणाली. मग दोरा तोंडात ओला न करताच सुईत ओवायचा प्रयत्न करत बसली.

२ ऑगस्ट, सोमवार

पहिला दिवस. सकाळी निघालो तेव्हा अरुंधतीनं डबा दिला. मीच म्हटलं, "सातला येतो." ती म्हणाली, "सावकाश या." तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

राजेंद्र नगरला चौदा गच्च्या झाल्या. धनेश तार सोडत होता, मी कठड्याला क्लिपा ठोकत होतो. सगळ्यांच्या गच्चीवर काय काय असतं! कुणाची कुंड्यांतली कोथिंबीर, कुणाच्या तुटक्या खुर्च्या, एका ठिकाणी एक आजोबा ऊन नसतानाही उन्हात बसल्यासारखे बसले होते. धनेश म्हणाला, "काका, कठड्यापाशी जाताना तुम्ही दर वेळी थांबता एकदम." मी म्हटलं, सवय आहे. दर वेळी थांबून मी पायातल्या चपला बघतो. त्या पायात असतात. मग पुढं जातो.

संध्याकाळी टेंपोतून येताना ढग उघडले होते आणि सगळी सडक पिवळी दिसत होती, दुकानं, माणसं, म्हशी, सगळं ओळखीचं आणि तरी स्वप्नात असावं तसं. आपण उतरूच नये, असंच जात राहावं, असं एकदा वाटलं. मग स्वतःलाच म्हटलं, नाही, आपलं जुनी इंदूर आलं, उतर.

गल्लीत शिरलो तेव्हा सातला दहा कमी होते. अप्पासाहेबांच्या खोलीतून टेनिसच्या चेंडूचा टाकटूक आवाज येत होता. वर आमच्या खोलीत केबल लावलेली, कुठल्या तरी परदेशी बागेचं चित्र, पान न् पान मोजावं इतकं स्वच्छ. एक मुंगी नाही. आणि समोर बघायला कुणीच नव्हतं.

अरुंधती बाहेर ओट्यावर बसली होती, रस्त्याकडे तोंड करून. मांडीवर साडी होती, पण तिला सकाळपासून एक टाका घातलेला नव्हता.

मला पाहून ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

उद्या साडेसहालाच यायचं.